गाजर गवत आणि आपले श्रमदान



‘श्रमदान’ हा विषय मोठा आहे. आम्ही तो एका गवतापुरताच घेणार आहोत. माधवनगर स्टेशनकडे जाताना रुळांच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, पावसाळ्यात कमरेएवढे वाढणारे बारीक पांढऱ्या फुलांचे झुडूप आपण सर्वजण पाहतो. कोणी त्याला काँग्रेस म्हणतात, कोणी गाजर गवत.

हे आपल्या मातीतले नव्हे. मूळ अमेरिका खंडातले. पुण्यात ते वाढत असल्याची नोंद 1956 साली झाली. आयात गव्हाबरोबर ते पसरले असे सर्वसाधारणपणे मानतात. पुढे त्याने सारा देश व्यापला. आम्ही बँकेतली माणसे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात त्याला फूल येते, एका झाडाला हजारो बिया धरतात आणि बी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. एक झाड फुलू दिले की चक्रवाढ व्याजाचे कर्ज डोक्यावर घेतले असे समजा.

व्याज कोण भरते? माळावरची मारवेल, पवना, कुसळी ही आपली गवते मागे हटतात. जनावरे याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणजे चारा गेला. आणि भांगलणीला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणी! उघड्या हातांनी हे उपटून कित्येकींच्या हाता-मानेला खाज सुटते, कातडी जाड व काळपट होते. परागकणांनी दमा, सर्दी बळावते ती वेगळीच.

आता खरा मुद्दा. आपल्यातले काही ज्येष्ठ विचारतात, “गावाची घाण काढण्याचे काम पुन्हा आपणच करायचे काय?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांकडून फुकट राबवून घेतले गेले. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले आणि अशी कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडले. तेव्हा आम्ही स्पष्ट सांगतो: ज्या कामाला नकार देता येत नाही ती वेठ. श्रमदानाला नकार देता येतो. म्हणून आमची अट अशी की हे काम आपल्या वस्तीपुरते अडून राहू नये. पेठेतले व्यापारी, सोसायट्यांतले नोकरदार, शाळा-कॉलेजची मुले यांनीही हातमोजे घालून शेजारी उभे राहावे. ते आले नाहीत तर आपण आपल्या घरांभोवतीचे, मुलांच्या वाटेवरचे काढू. त्यांच्या बंगल्यांपुढचे नाही.

कामाची रीत थोडक्यात. पहिल्या पावसानंतर माती ओली असताना, फूल येण्याआधी, मुळासकट उपटावे. असे गवत खताच्या खड्ड्यात चालते. फुलावर आलेले चालत नाही. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. सप्ताह चांगलाच, पण जूनमध्ये उगवलेले तोवर फुलून जाते! एकदा उपटून भागत नाही, पावसाळ्यात तीन-चार फेऱ्या लागतात. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचे बी फेकावे. तो दाट वाढून गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. पाने कुरतडणारे, पांढुरक्या अंगावर गडद रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. मेक्सिकोतून आणलेला हा किडा 1984 साली बंगळूरला याच कामासाठी सोडला गेला. तो एकटा पुरा पडत नाही, पण फुकट राबतो, आणि त्याच्या बाबतीत वेठीचा प्रश्न येत नाही.

ज्यांना दमा किंवा त्वचेचा त्रास आहे त्यांनी उपटायला येऊ नये; त्यांनी टाकळ्याचे बी गोळा करावे. ते काम पावसाळा संपल्यावर, शेंगा वाळल्या की सुरू होते. बाकीच्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला रुमाल आणि हातमोजे घेऊन यावे. हातमोज्यांचा खर्च संस्थेने उचलावा, अशी अध्यक्षांना आमची विनंती आहे.