फॉरवर्ड करणारा हात कुणाचा?



आज सीमाप्रश्नाआधी न्यूझीलंडचं बोलतो. कारण कळेलच.

१५ मार्च २०१९. क्राइस्टचर्च शहरातल्या दोन मशिदींत जुम्याच्या नमाजावेळी एका वर्णद्वेष्ट्याने गोळीबार केला. ५१ माणसं गेली, त्यात आपले भारतीयही होते. हल्ला त्याने फेसबुकवर लाइव्ह दाखवला. थेट बघणारे दोनशेसुद्धा नव्हते. पण पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या पंधरा लाख प्रती अडवाव्या किंवा काढाव्या लागल्या. एवढं अपलोड एकट्याने केलं का? नाही. कुणी समर्थनात टाकलं, कुणी संतापून, कुणी नुसतं "बघा काय झालं" म्हणून.

१४ मे २०२२ ला अमेरिकेत बफेलोमध्ये १८ वर्षांच्या पोराने दहा कृष्णवर्णीयांना मारलं. क्राइस्टचर्चच्या मारेकऱ्याचा प्रभाव त्याने स्वतः लिहून ठेवला होता. दोघांच्या डोक्यात एकच भीती भरलेली: "ते वाढताहेत, आपली जागा घेणार, आपण संपणार."

ही भीती आधी विनोद, मीम म्हणून येते. हसणाऱ्याला मग ग्रुपमध्ये ओढलं जातं. तिथे दुसरी बाजू ऐकूच येत नाही.

आता आपलं बघूया. आपली तक्रार खरी आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय घटनेच्या ३५०अ कलमात आहे. मराठीत परिपत्रकं मागणं हा गुन्हा नाही. पण ही मागणी सरकारकडे आहे, शेजारच्या कन्नड घराकडे नाही. "सरकारने अन्याय केला" याचं "ही माणसंच तसली" कधी होतं, तिकडे लक्ष ठेवा. तिथेच लढा हातातून निसटतो, आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळतं.

मग करायचं काय? मारहाणीचा व्हिडिओ आला तर निषेधासाठीसुद्धा पुढे पाठवू नका, रिपोर्ट करा. तो कधीचा, कुठला, हे तपासा. आपलाच मित्र "एकेकाला बघून घेतो" असं लिहू लागला, तर ग्रुपमध्ये त्याची टिंगल करू नका. चहाला न्या, ऐकून घ्या. तो खरंच हत्याराची भाषा करत असेल, तर गप्प न बसता घरच्यांना आणि पोलिसांना सांगा.

न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न म्हणाल्या होत्या, त्या मारेकऱ्याचं नाव मी कधीच घेणार नाही. मीही आज घेतलेलं नाही. तुम्हीही शोधत बसू नका.

१ नोव्हेंबरला काळा दिन पाळताना घोषणा जोरात द्या. त्या रात्री आलेला व्हिडिओ मात्र तुमच्या फोनवरच थांबू दे.