एकच बाटली, भाव मात्र वेगवेगळे
(अंथुर्णे येथील बैठकीतील भाषण)



जिरायत कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत वाइनचा विषय कशाला, असे कोणी विचारील. ती प्यावी की पिऊ नये, हा आजचा प्रश्न नाही. आम्ही बोलणार आहोत ते तिच्या भावाबद्दल. पाटस-बारामती रस्त्यावर रोटी गावाजवळ वायनरी आहे. बाटलीत जाते ते शेतकऱ्याचे द्राक्ष. मग तीच बाटली एका दुकानात एका भावाला, दुसऱ्यात दुसऱ्या आणि हॉटेलात तिसऱ्याच भावाला का?

पहिले कारण सरकार. दारूवरचा कर राज्ये ठरवतात. २०१७ साली जीएसटी आला, दारू त्याच्या बाहेरच राहिली. महाराष्ट्राने २००१ च्या धोरणात इथल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. दुसऱ्या राज्याचा हिशेब दुसरा. म्हणून शीव ओलांडली की छापील किंमत बदलते.

दुसरे कारण दुकानदार. छापील किंमत ही कमाल किंमत. तिच्या आत कोणाला किती परवडते, हे ज्याच्या त्याच्या खर्चावर. कोणी पेट्यांनी माल उचलतो, कोणी चार बाटल्या. कोणाचे भाडे जास्त. वाइन उन्हाने बिघडते. थंड ठेवायची तर विजेचे बिल आले.

तिसरे, हॉटेल. पाण्याच्या बाटलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले की, हॉटेलवाला बाटलीबरोबर सेवाही विकतो, म्हणून तो छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतो.

चौथे, परवाना. दुकाने मोजकी असली की चढाओढ कमी. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचे ठरवले. विरोध झाला आणि निर्णय अडला.

आता खाली पाहा. पाऊण लिटरच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागते. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे. खायच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तोडल्यावर ठेवताही येत नाही. करार एकाच वायनरीशी. २००८-०९ च्या मंदीनंतर नाशिक भागात वायनऱ्यांनी उचल कमी केली, तेव्हा अनेकांनी वेली उपटल्या. वरच्या प्रत्येकाला भाव कमीजास्त करायला जागा आहे. पिकवणाऱ्याला नाही.

ही गोष्ट कापूसवाल्याला नवी नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, तेव्हा सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी आपला कापूस तिकडे नेण्याची मुभा नव्हती. व्यापार करणाऱ्याला दहा दारे आणि पिकवणाऱ्याला एकच, हा त्यातला कावा.

म्हणून कोणी नवे पीक घेऊन दारात आला, तर तीन प्रश्न विचारा. घेणारे किती? माल ठेवता येतो का? करारात भाव कोणी लिहिला, आणि माल उचलला नाही तर भरपाई कोण देणार? उत्तर मिळाल्याशिवाय अंगठा नको, सही नको.

आपली ज्वारी कोरडी, टिकणारी. हे आपले बळ आहे. खळ्यावरून थेट गाडी भरू नका. इंदापूर आणि बारामती, दोन्हीकडचा भाव आधी विचारा. निकड असेल तर बाजार समितीकडे शेतमाल तारण कर्जाची चौकशी करा. ही योजना १९९०-९१ पासून आहे. विकायची घाई ज्याला नाही, त्यालाच भाव विचारता येतो.