गुरुवारची खोली

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या प्रसंगी आम्ही जमाखर्चाचे आकडे आपणांपुढे ठेवतो. यंदाही ते या अहवालाच्या अखेरच्या पृष्ठांवर लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीसह छापलेले आहेत. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावेत. आज मात्र आपल्या अनुमतीने आम्ही एका खोलीविषयी बोलणार आहोत. स्त्रीकक्षाला लागून असलेली ही लहानशी खोली पूर्वी जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यांनी भरलेली असे. गेली काही वर्षे दर गुरुवारी दुपारी तीन वाजता तेथे स्त्रीरुग्ण आणि त्यांच्या सोबतीला राहिलेल्या आया, बहिणी, सुना एकत्र बसतात, हाताने काही करीत राहतात आणि आपापली हकीकत एकमेकींना सांगतात. आमच्या समाजसेविका भगिनींनी हा उपक्रम सुरू केला. त्यास पहिला लेखी आक्षेप आमचाच होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

आक्षेप चादरींचा होता. विरलेल्या, फाटलेल्या, ज्यांना आपण कंडम म्हणतो अशा चादरी गोधड्या शिवण्यासाठी मिळाव्यात, असा अर्ज आमच्या टेबलावर आला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. निर्लेखनाची नोंद झाल्याविना संस्थेची चिंधीही इकडची तिकडे होऊ नये, या शिस्तीत आमची उमेद गेलेली. आम्ही अर्जावर शेरा मारला : 'रुग्णालय हे शिवणवर्ग नव्हे.' समाजसेविका भगिनींनी वाद घातला नाही. रीतसर निर्लेखनाचा ठराव करून घेतला, धुलाई विभागाकडून चादरी उकळून घेतल्या, आणि पुन्हा अर्ज केला. नियमाप्रमाणे आलेला अर्ज नाकारण्याची सोय आम्हांस उरली नाही.

त्यानंतर घडलेला एक प्रसंग संबंधित रुग्ण भगिनीच्या संमतीने, तिचे नाव व गाव वगळून, आम्ही सांगत आहोत.

साठीच्या घरातील एक शेतकरी स्त्री शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली होती. शस्त्रक्रिया आवश्यक होती, खर्चाचा मोठा भाग धर्मादाय निधीतून उचलला जाणार होता, दिवसही ठरलेला होता. परंतु संमतीपत्र पुढे करताच ती अंगठा उठविण्यास नकार देई. कारण विचारले तर तोंड फिरवून घेई. डॉक्टरांनी दोनदा समजावले. मुलगा चिडला. आमच्या कार्यालयात त्या दिवसाचे शस्त्रक्रियागृह रिकामे गेल्याची नोंद झाली आणि 'रुग्णाचा नकार' एवढेच कारण पुढे लिहिले गेले. आमच्या लेखी विषय संपला होता.

गुरुवारी कोणीतरी तिला त्या खोलीत नेऊन बसविले. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेजारणीच्या हातातील गोधडीचे टाके लांब पडत आहेत, एवढे पाहून मात्र तिने सुई मागून घेतली. धावदोरा घालता घालता, खाली मान घालूनच, ती बोलू लागली. वैधव्य आल्यानंतर दिराने एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. रेशनचे काम आहे, असे सांगितले होते. कागद तिच्या वाटणीच्या जमिनीचा होता. त्या दिवसापासून तिने कोणत्याही कागदावर अंगठा उठविला नव्हता. आणि मुलालाही हे ठाऊक नव्हते, कारण तो तेव्हा पाळण्यात होता आणि पुढे दिराच्याच घरी त्याचे शिक्षण व्हायचे होते. ही हकीकत तिने आजवर कोणासही सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने निवडलेल्या परिचारिका भगिनीने संमतीपत्र तिला सावकाश वाचून दाखविले. तिने ते पुन्हा वाचावयास लावले. 'ह्यात जमिनीचं काही नाही ना?' असे विचारले आणि मग अंगठा दिला. शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा एका आठवड्याने झाली. ती घरी गेली. तपासणीस येते तेव्हा गोधडीचे काम कुठवर आले, हे पाहून जाते.

त्या प्रसंगानंतर संमतीपत्र केवळ पुढे न करता ते रुग्णास कळेल अशा बोलीत, त्याच्या विश्वासातील व्यक्तीसमक्ष वाचून दाखवावे, असे परिपत्रक आम्ही काढले. वस्तुतः ते आम्ही फार पूर्वी काढावयास हवे होते.

हिशेबाच्या माणसाने साहित्यावर बोलू नये, अशी सूचना आम्हांस घरूनच मिळालेली आहे. तरीही दोन शब्द बोलतो, कारण त्या खोलीत जे चालते ते आपल्या मुलखास नवे नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले. शेतात आणि जात्यावर सुचलेले त्या बोलत गेल्या, आणि पुत्र सोपानदेव व एका आप्ताने ते उतरवून घेतले. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि पुढल्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. उतरवून घेणारे कोणी नसते तर? लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली ती विवाहानंतर. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, आणि स्वतःच्या फजितीवर इतके मोकळे हसणारे पुस्तक आम्ही तरी दुसरे वाचलेले नाही.

आम्हांस अधिक जवळचे वाटते ते फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण. त्या किराणा दुकान चालवीत. पुडे बांधण्यासाठी येणारी रद्दी वाचीत, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा आपल्या समाजाची व स्वतःची कहाणी लिहीत. ते लिखाण त्यांनी सुमारे २० वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले. दुकानाच्या गल्ल्यामागे असा दस्तऐवज तयार होत असल्याचे कोणत्या लेखापरीक्षकास दिसले असते?

आणि वैद्यकीय सेवेत असलेल्या प्रत्येकाने डॉक्टर रखमाबाईंचे स्मरण ठेवावे. ११ व्या वर्षी झालेला विवाह मान्य नाही, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. १८८५ साली त्यांनी 'ए हिंदू लेडी' या टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहून आपली व्यथा मांडली. १८८७ मध्ये पतीकडे जा अन्यथा कारावास भोगा, असा निवाडा झाला, तेव्हा त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. पुढे तडजोड झाली, लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची रुग्णसेवा केली. त्यांनाही प्रथम टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. आमच्या खोलीलाही दार आहे आणि ते तीन वाजता लावून घेतले जाते.

ते दार नीट लागले पाहिजे, हे आम्ही एका चुकीतून शिकलो. एका सुनेने सांगितलेली हकीकत कशी कोण जाणे, व्हरांड्यातून तिच्या सासरी पोहोचली. घरच्यांनी आमच्या कार्यालयात येऊन गोंधळ घातला आणि त्या मुलीने उपचार अर्धवट सोडले. समाजसेविका भगिनी तिच्या माहेरी दोनदा जाऊन आल्या, तेव्हा ती परतली. तेव्हापासून खोलीतले काहीही, सांगणारीच्या संमतीविना, लिहावयाचे नाही व बाहेर न्यावयाचे नाही, असा नियम आहे. येणारी प्रत्येक जण बोलतेच असे नाही. एक भगिनी महिनाभर येऊन केवळ कागदावर ठिपक्यांची रांगोळी काढीत असे. डायलिसिसच्या दिवशी हात दुखे, तेव्हा डाव्या हाताने काढी. ती आता हयात नाही. तिच्या रांगोळ्या भिंतीवर आहेत. अशा गप्पांनी आजार बरा होतो, असा दावा आमचे डॉक्टर करीत नाहीत. आम्ही तर मुळीच करणार नाही.

आता कामकाजाचे. सदर खोलीचे रूपांतर सशुल्क विशेष कक्षात करावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या आगामी बैठकीपुढे आहे. प्रस्ताव गैर नाही; अशा कक्षांच्या उत्पन्नातूनच सर्वसाधारण कक्षातील गरजू रुग्णांचा भार उचलला जातो, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? त्यावरील टिपण आम्हीच तयार करीत आहोत. डाव्या बाजूस अपेक्षित उत्पन्न मांडून झाले आहे. उजव्या बाजूस शस्त्रक्रियागृहाचा तो रिकामा गेलेला दिवस आम्ही लिहिला आहे, आणि त्यापुढे अद्याप रक्कम लिहिलेली नाही.

बैठकीपूर्वी विश्वस्त भगिनींपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एका गुरुवारी येऊन बसावे, अशी नम्र विनंती आहे. पुरुष विश्वस्तांना, आमच्याप्रमाणेच, दाराबाहेर चहा मिळेल. येताना घरातील जुनी सुती लुगडी आणावीत; चादरींचा साठा संपत आला आहे.