हातातली कला आणि कोपऱ्यातले नाव

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्हाला चित्रकलेवर चार शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही काही मोठे चित्रकार नव्हे. मॅट्रिक झालो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या आणि प्राथमिक शाळेत मास्तरकी धरली. हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. पण कुंचला काही सुटला नाही. शाळेच्या भिंती आम्ही रंगवल्या. जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवले. पूर्वी लोक म्हणत, गुरुजी, बैलगाडीच्या मागे मोर काढून द्या. पुढे ट्रॅक्टर आले, तेव्हा ट्रॉलीवर मोर काढून द्या म्हणून येऊ लागले. गाडी बदलली, मोर तोच राहिला.

इतकी वर्षे हे काम करताना एक वाक्य आम्ही फार वेळा ऐकले. "गुरुजी, कला तुमच्यासारख्यांची. आम्हा राबणाऱ्यांना कुठली कला?" हे बोलणारी बाई सकाळी दारात रांगोळी काढून आलेली असते. हे बोलणाऱ्या गड्याने बेंदराला बैलाची शिंगे रंगवून त्यांना बेगड लावलेला असतो. तरी म्हणतात, कला आमच्याकडे नाही!

असे पाहा. पाणी आणायला घागर लागते. तिचे पोट मोठे, कारण पाणी जास्त मावावे. गळा अरुंद, कारण चालताना पाणी हिंदकळून सांडू नये. इथवर कामापुरते झाले. पण कुंभार गळ्याखाली दोन रेघा ओढतो, त्यांच्या मध्ये नखाने बारीक नक्षी उठवतो. त्या रेघांनी घोटभर पाणीसुद्धा जास्त मावत नाही. मग तो त्या ओढतो कशाला? त्याला विचारा. तो हसेल आणि म्हणेल, "बरं दिसतंय की!" या 'बरं दिसतंय'मध्ये सगळी कला आली. कलेवर जाडजाड ग्रंथ आहेत. आम्ही त्यांतले थोडेफार चाळले. कुंभाराने सांगितले त्याहून फारसे निराळे त्यांत सापडले नाही.

आता तुमच्या वर्गाकडे येऊ. पहिल्या आठवड्यात पाटीवर अक्षर काढताना पुष्कळ बायका रडकुंडीला आल्या होत्या. "गुरुजी, हात वळंना," म्हणायच्या. आम्ही विचारले, ठिपक्यांची रांगोळी येते ना? येते म्हणाल्या. पंधरा ठिपके, पंधरा ओळी? तीही येते. मग आम्ही म्हटले, चिमटीतून पीठ सोडत तुम्ही रेघ नेता. ती कुठे जाड होत नाही, कुठे तुटत नाही. एका ठिपक्याला वळसा घालून दुसऱ्याकडे जाते आणि सुरुवातीला येऊन बरोबर मिळते. अक्षर तरी दुसरे काय आहे? तीही रेघच. 'ळ' म्हणजे शेजारी शेजारी घातलेले दोन वळसे. त्या दिवशी आम्ही पाट्या बाजूला ठेवल्या आणि अंगणात रांगोळीने अक्षरे काढायला लावली. पहिल्यांदा अक्षरे फार मोठी झाली, ताटाएवढी. पण वळणे सुरेख आली. पुरुष मंडळी मात्र त्या दिवशी मागे पडली, हे सांगायला हरकत नाही.

रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसून जाते. वाकळेचे तसे नाही. कुणी तिला गोधडी म्हणतात. तिच्याविषयी आम्हाला जरा जास्त बोलायचे आहे.

जुनी लुगडी, धोतरे, फाटक्या सदऱ्यांच्या पाठी, हे सगळे बाई धुऊन वाळवून ठेवते. मग उन्हाळ्यात, शेतातले काम कमी झाले की, ते जमिनीवर पसरते. थरावर थर लावते. वर रंगीत ठिगळे बसवते. आणि कडेने धावदोरा घालत घालत आत येते. टाके जवळजवळ पडले की वाकळ टिकते, हे उपयोगाचे झाले. पण हिरव्या ठिगळाला लागून तांबडे लावायचे, दोन गडद तुकड्यांमध्ये एक फिका घालायचा, लुगड्याचा काठ बरोबर चारी कडांना आणायचा, हा हिशेब बाई मनात करते. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग उठून दिसतो, हे शिकायला चित्रशाळेत मुले वर्षे घालवतात. तुम्ही ते आजीच्या मांडीशी बसून शिकलात, म्हणून तुम्हाला ते शिकणे वाटत नाही.

आमच्या आईने शिवलेली वाकळ आम्ही अजून थंडीत पांघरतो. तिच्यात आमच्या शाळेच्या पहिल्या सदऱ्याचा तुकडा आहे. आजोबांच्या पटक्याचा आहे. थोरल्या बहिणीच्या परकराचा आहे, ती बहीण लहानपणीच गेली. आईला लिहिता येत नव्हते. घरात कोण होते आणि काय नेसत होते, एवढे तिने सुईने ठेवून दिले. पण त्या वाकळेवर तिचे नाव नाही. नातवंडे विचारतात, "आजोबा, ही कुणी शिवली?" आम्ही आहोत तोवर सांगू. पुढे कोण सांगणार?

आता नावाचा विषय निघालाच आहे, तर वारली लोकांची हकीकत ऐका. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी या भागांत वारली समाज राहतो. त्यांच्या घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, त्यावर मातीशेणाचा लेप. लग्न निघाले की भिंत गेरूने सारवतात. मग सवाष्ण बायका तांदूळ वाटून त्याचा पांढरा रंग करतात, बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करतात, आणि भिंतीवर चौक काढतात. चौकाच्या मध्यावर पालघट देवी. भोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. माणूस कसा? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की झाले अंग. वर एक गोल, ते डोके. हातापायाच्या काड्या. एवढ्यातून तो माणूस पाणी भरतो, पेरतो, तारप्याच्या वाद्याभोवती नाचतो. चौकाशिवाय त्यांच्यात लग्न लागत नाही. म्हणजे चित्र हे त्यांना हौसेचे नव्हते. ते अक्षतांइतकेच गरजेचे होते.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी त्या भागात गेले. त्यांनी भिंतीवरची चित्रे कागदावर काढून पाहायला सांगितले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळचे जिव्या सोमा म्हसे हे तेव्हा चित्रे काढत होतेच. त्यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि मुलाचे बोलणे बंद झाले. मनातले सांगायचे तर तो धुळीत चित्र काढून सांगे, अशी त्यांची गोष्ट सांगतात. हा माणूस लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढू लागला. मासे पकडायचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारप्याचा नाच. जे रोज डोळ्यांसमोर होते तेच. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांचे नाव जगाला ठाऊक झाले, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या त्या बायका? त्यांची नावे कुणाला ठाऊक आहेत?

तुम्ही म्हणाल, चौक देवीचा, त्यावर बाईने आपले नाव कशाला घालावे? बरोबर आहे. आम्हीही घालू नये असेच म्हणू. लग्न होते, पावसाळा येतो, भिंत पुन्हा सारवली जाते, चौक जातो. त्यात वाईट काही नाही. सगळेच टिकवून ठेवायला हवे असे थोडेच आहे? पण तेच चित्र कागदावर चढून बाजारात गेले की गोष्ट निराळी. तिथे विकणारा किंमत विचारतो आणि घेणारा विचारतो, कुणाचे आहे? ज्याचे नाव त्याला पैसा. नाव नसेल तर पैसा मधल्यामध्ये राहतो.

हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी बिहारात मधुबनी भागात गेले होते. १९६६ च्या सुमारास तिथे भयंकर दुष्काळ होता. तिथल्या बायकाही घराच्या भिंतींवर चित्रे काढत. सरकारने त्यांना कागद पुरवला, की चित्रे विकून चार पैसे मिळावेत. तिथे मात्र बायकांची नावे पुढे आली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. भिंत तीच, हातही तसलेच. कागदाबरोबर नाव गेले, एवढा फरक.

आपल्याकडचेही एक उदाहरण सांगतो. कोल्हापूरला बाबुराव मेस्त्री म्हणून सुतार घराण्यातला मुलगा होता. जन्म १८९० चा. कुठल्या कलाशाळेत गेला नाही. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता एवढे नाव झाले की लोक मेस्त्री हे आडनाव विसरले आणि बाबुराव पेंटर म्हणू लागले. आनंदराव पेंटरांबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी करायला घेतला. आनंदराव मध्येच वारले, तरी बाबुरावांनी तो पुरा केला. आणि १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. त्यात देवदेवता नाहीत, राजेरजवाडे नाहीत. सावकाराच्या कर्जात जमीन गेलेला आणि गाव सोडून शहरात मजुरीला गेलेला शेतकरी आहे. सुतारकी आणि सिनेमा यांत किती अंतर आहे, हे आपल्याला वाटते. बाबुरावांना वाटले नसावे.

ही जुनी उदाहरणे झाली. परवाचेच घ्या. कोल्हापुरी चप्पल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. झाडाची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीची शिलाई, वर वेणी. कापायचे, ठोकायचे काम बहुतेक पुरुष करतात. वेणी घालायचे काम पुष्कळ घरांत बायकांकडे असते. २०१९ साली या चपलेला सरकारी नोंद मिळाली, तिला भौगोलिक मानांकन म्हणतात. म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतल्या ठराविक जिल्ह्यांत केलेलीलाच कोल्हापुरी म्हणायचे. तरी २०२५ च्या जून महिन्यात इटलीतल्या एका बड्या कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून मिरवल्या. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचा उल्लेख नाही. इकडून लोकांनी ओरड केली, तेव्हा कंपनीने मान्य केले की कल्पना भारतातल्या हस्तकलेवरून घेतली. नोंद होती, नाव होते, म्हणून ओरड करता आली. पण कोल्हापूर हे गावाचे नाव झाले. वेणी घालणारीचे नाव त्यातही आले नाही.

आम्हाला एका भल्या गृहस्थाने सांगितले, "गुरुजी, कलेत पैशाचे बोलू नये, कला पवित्र असते." आम्ही म्हटले, पवित्र तर भाकरीही असते, आणि ज्वारीचा भाव आपण विचारतोच की. घरात वापरायची वाकळ कुणी विकू नये, पण आता शहरातली माणसे गोधड्या विकत घेऊ लागली आहेत. गावात येऊन घेऊन जाणारेही आहेत. बाईला महिनाभराच्या टाक्यांचे काय मिळते आणि शहरातल्या दुकानात ती काय भावाने जाते, हे ज्याचे त्याने विचारून पाहावे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. आजवर तुम्हाला लिहिता येत नव्हते, म्हणून वस्तूवर नाव नव्हते. आता येते. कुंभारदादांनी घागर ओली असताना बुडाशी काडीने आपले नाव कोरावे, भाजल्यावर ते पक्के होते. बुरूडकाकांनी सुपाच्या कडेला रंगाने घालावे. वाकळेचे काम जरा जपून करायचे. कोपऱ्यातल्या फिक्या ठिगळावर आधी खडूने अक्षरे लिहायची, मोठी, बोटाच्या पेराएवढी. मग गडद दोऱ्याने त्या रेघेवर उलटा टाका घालायचा, म्हणजे रेघ सलग दिसते. डोक्यावरची ओळ शेवटी घालावी, नाहीतर अक्षरे वर-खाली होतात. नावाखाली साल घालावे, गाव घालावे.

एका बाईंनी आत्ताच विचारले, "गुरुजी, माहेरचं नाव घालू का सासरचं?" ते आम्ही सांगणार नाही. ज्या नावाने हाक मारली की तुम्ही वळून बघता, ते घाला.

पुढच्या बैठकीला येताना सुई, दोरा आणि जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा घेऊन या. पुरुषांनीही आणायचा. खडू आम्ही आणू.