हातकणंगलेत समुद्र: सहा फुटी रीफ टाकीची तयारी

मागच्या भागात बोलता बोलता सांगून गेलो की खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी करतोय, प्रवाळांची. तेव्हापासून जो तो एकच विचारतोय: मासे कुठले सोडणार? सांगतो, पण शेवटी. माझ्या यादीत मासे शेवटीच आहेत. यादीतला पहिला प्रश्न आहे, लाइट गेल्यावर काय?

तो पहिला का, तर त्यात माझा हात पोळलाय. याआधी माझ्याकडे दोन फुटी टाकी होती, त्यात क्लाउनफिशची जोडी. हौसेनं सगळंच इन्व्हर्टरला जोडलं होतं: पंप, दिवा, पंखे, सगळं. एप्रिलचा महिना, आम्ही जयसिंगपूरला लग्नाला गेलेलो. रात्री लाइट गेली, बॅटरी दोन-तीन तासांत संपली, पाणी थांबलं. पहाटे आलो तर दोन्ही मासे तळाला. चूक कुणाची नाही, माझीच. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो, त्यात वरचा थर हलायचा थांबला की टाकी गुदमरते. मासे उपाशी आठवडा काढतात. असं गुदमरून रात्र काढत नाहीत.

म्हणून या वेळी इन्व्हर्टरवर फक्त दोन वेव्हमेकर, म्हणजे पाण्याला लाट देणारे पंप. दोन्ही मिळून चाळीस वॅट. दीडशे एएचची बॅटरी, त्यातली निम्मीच ताकद धरली तरी हिशेबानं पंधरा-वीस तास निघतात. दिवा बंद राहिला तर प्रवाळांना एक दिवस काही होत नाही. चिलर तर इन्व्हर्टरवर स्वप्नातही नको. शिवाय सेलवर चालणारे हवेचे दोन छोटे पंप कपाटात ठेवलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडं काय झालं ते आठवतंय ना? शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, गाड्यांच्या रांगा, बाहेरून काही येईना. तसं पुन्हा झालं तर कुरिअरनं येणारं मीठ कुठून येणार? म्हणून दोन महिन्यांचं मीठ घरात पाहिजेच.

आता वजन. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे चोवीस घनफूट, जवळजवळ ६८० लिटर. काच, दगड, स्टँड, खालचा सम्प धरून एक टनाच्या वर जातं. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलोचा भार धरून बांधतात, आणि ही टाकी उभी राहते जेमतेम सव्वा चौरस मीटरवर. माझ्या मनात वरच्या मजल्यावरची खोली होती. ओळखीच्या इंजिनिअरला दाखवली तर तो हसला आणि खाली बोट दाखवलं. टाकी तळमजल्यावर आली, सोप्यात. आमच्या वडिलांची बसायची जागा गेली. त्यांचं म्हणणं असं होतं, “उसाला पाणी मिळंना आणि हा घरात समुद्र आणतोय.”

पाण्याचा विषय त्यांनीच काढला ते बरं झालं. बऱ्याच जणांनी सुचवलं, रत्नागिरी जवळ आहे, कॅन भरून आण की. सातशे लिटर म्हणजे सातशे किलो, आंबा घाटातून. आणि एकदाच नाही, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं असतं. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अळणी होतं, बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो. त्यापेक्षा घरी शुद्ध पाणी करून त्यात समुद्री मीठ घालायचं. समुद्री मीठ म्हणजे टाकीसाठी बनवलेलं, ज्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट सगळं मापात असतं. स्वयंपाकाच्या मिठात यातलं काही नसतं, ते घातलं तर फक्त खारट पाणी होतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सम्प धरून पहिल्या भरणीलाच सव्वीस-सत्तावीस किलो. पुढं आठवड्याला पावणेतीन किलो. वर्षाचा हिशेब तुम्हीच करा. मी केला आणि बायकोला सांगितला नाही.

बोअरचं पाणी आपल्याकडं कसं असतं ते सांगायला नको. उसाच्या पट्ट्यात खताचं नायट्रेट जमिनीत उतरतं, आणि टाकीत नायट्रेट-फॉस्फेट आलं की शेवाळाचं रान माजतं. म्हणून आरओ आणि त्यापुढं डीआय रेझीन, टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत. एक खाच-खळगा सांगतो: घरच्या पिण्याच्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. ते पाणी टाकीला चालत नाही. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि गाडी धुवायला जातं. वडिलांचं तेवढं समाधान झालं.

नवीन माणूस हमखास चुकतो ती जागा म्हणजे आटणारं पाणी. गुऱ्हाळात काहिलीत रस आटतो तेव्हा काय होतं? पाणी वाफ होऊन जातं, गोडी काहिलीत राहते. टाकीचंही तसंच. मे महिन्यात पंखे लावले की दिवसाला आठ-दहा लिटर सहज उडतं, मीठ मात्र आतच. म्हणून आटलेलं भरायचं ते साध्या शुद्ध पाण्यानं. खारं पाणी भरत गेलात तर महिन्याभरात टाकीचं लोणचं. हे हातानं रोज होत नाही, लग्नं-जत्रा असतात. फ्लोट लावलेला ऑटो टॉप-अप घ्याच.

तापमान २५ ते २७ अंश ठेवायचं. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळं नुसत्या पंख्यानं दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा पंखा फारसं काही करत नाही, पण बाहेरही गार असतं. खरा त्रास एप्रिल-मेचा. तेव्हा चिलर लागतोच, आणि तो स्टँडच्या बंद कपाटात कोंबायचा नाही, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. जास्त उष्णतेनं प्रवाळ आपल्या आत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०२४ साली लक्षद्वीपला समुद्रातच हे झालं. समुद्राला जमलं नाही ते सोप्यात जमवायचंय, एवढं लक्षात ठेवून खर्च करा.

आता मला जड गेलेली गोष्ट. हे वेड लागलं मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात तोंड घालून बघितलं तेव्हा. डोक्यात होते ते दगडी प्रवाळ, फांद्यांचे. पण दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालायचा नाही. एका मोठ्या शहरातल्या दुकानात मला विचारण्यात आलं, “पाहिजे का? कागद नाही, पण माल ताजा आहे.” खरं सांगतो, मिनिटभर थांबलो होतो. मग बाहेर आलो. समुद्रातला जो तुकडा बघून वेड लागलं, तोच कुणीतरी छिन्नीनं फोडून आणणार आणि मी तो विकत घेणार, हे पटेना.

त्यामुळं माझ्या टाकीत मऊ प्रवाळ असतील: झोअँथिड, मशरूम, लेदर. तेही कुणा हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले, कलम करून दिलेले. खडकही हातानं बनवलेले, समुद्रातले नाहीत. आणि यातून एक फायदा असा झाला की यादीच लहान झाली. मऊ प्रवाळांना प्रकाश कमी लागतो, कॅल्शियम ओतत बसायला लागत नाही, त्यासाठीचे डोसिंग पंप गेले. वाचलेले पैसे चिलर आणि बॅटरीत घातले.

सध्या टाकीत साधं पाणी भरून चाचणी चाललीय. लाइट गेली की वरचं पाणी पाइपातून खाली सम्पमध्ये येतं. माझ्या टाकीत पातळी एक इंच उतरली की बरोबर एक घनफूट, म्हणजे २८ लिटर. तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये नसेल तर सोपा भिजलाच. मी दहा वेळा प्लग काढून बघितला. तिसऱ्या वेळी सांडलं, पाइपाचं भोक वर घेतलं, मग थांबलं. वायरी सगळ्या खाली झोल देऊन बोर्डाला नेल्यात, म्हणजे थेंब वायरीवरून बोर्डात जाणार नाही. आणि आरसीसीबी बसवलाय. खारं पाणी आणि वीज यात काटकसर नको.

पुढच्या आठवड्यात मीठ पडेल. मग चार ते सहा आठवडे नुसतं बघत बसायचं, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजेपर्यंत. त्यानंतर मऊ प्रवाळ.

आणि मासे? क्लाउनफिशची एकच जोडी, टाकीत पैदा झालेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्याकडं त्यांची पैदास करून दाखवलीय, त्यामुळं समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही. आधी महिनाभर वेगळ्या टाकीत, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं आणि तेच तांबं प्रवाळांना मारतं. निळा टँग, तो सिनेमातला, नाही. तो फूटभर वाढतो.

वडील रोज सकाळी येतात, टाकीखाली हात फिरवून बघतात आणि विचारतात, “गळतंय काय रं?” अजून तरी नाही.