घाईत न महागणारं तिकीट: डब्लिन ते बर्मिंगहॅम, बोट आणि रेल्वेने

आजचा भाग प्रवासावर आहे, पण फिरायला जाण्यावर नाही. मी बोलणार आहे एका तिकिटाबद्दल. बोट आणि रेल्वे मिळून एकच तिकीट, आयर्लंड ते ब्रिटन. नाव ‘सेलरेल’. विमानाला पर्याय म्हणून हे कधी घ्यावं, कधी घेऊ नये, आणि ते स्वस्त का पडतं, हे सगळं सांगतो.

आधी थोडी ओळख, कारण ती पुढे लागणार आहे. मी मूळचा रत्नागिरीचा, बीटेक करून नोकरीला लागलो आणि गेली चार वर्षं डब्लिनमध्ये आहे. कामाचं म्हणाल तर हॉटेलच्या खोल्यांचे भाव ठरवणारं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे तुम्ही सकाळी बघता तेव्हा खोली ८० ला आणि संध्याकाळी ११० ला, त्यामागे जे काही चालतं, त्यातला थोडा भाग माझ्यासारख्यांचा. शिव्या नंतर द्या, आधी गोष्ट ऐका.

१ मे २०२५, गुरुवार. रात्री नऊला आईचा फोन. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. आईचा फोन या वेळी आला की पोटात गोळा येतो. माझी धाकटी बहीण बर्मिंगहॅममध्ये मास्टर्स करते. तिच्या पोटात दुपारपासून दुखत होतं, रूममेटने हॉस्पिटलमध्ये नेलं, अपेंडिक्स निघालं. रात्रीतून किंवा पहाटे ऑपरेशन.

आई म्हणाली, “अरे, कोण आहे रे तिच्याजवळ?”

“मैत्रीण आहे, आई.”

“मैत्रीण आहे ते ठीक. तू जाशील ना?”

याला ‘बघतो’ असं उत्तर नसतं. मी म्हटलं, “उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो.” आणि लॅपटॉप उघडला.

आता गंमत अशी, की मे महिन्याचा पहिला सोमवार आयर्लंड आणि इंग्लंड दोन्हीकडे सुट्टीचा. म्हणजे शुक्रवारी अख्खी दुनिया निघालेली. डब्लिन ते बर्मिंगहॅम विमान हवेत जेमतेम तासभर असतं. मार्चमध्ये मी हेच तिकीट एका बाजूचं पंचवीस-तीस युरोला बघितलं होतं. त्या रात्री जाऊन-येऊन २६० युरो. बॅग वेगळी. मी आईशी बोलून परत आलो, पान रिफ्रेश केलं, तर २८५.

मला राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी हसू आलं. कारण हा कोड मला माहीत आहे. आमच्याही सिस्टीममध्ये ‘किती दिवस उरले’ असा एक आकडा असतो. दिवस कमी उरले की समोरचा माणूस गरजू असण्याची शक्यता जास्त, आणि गरजू माणूस भावाला फार घासाघीस करत नाही. कोडला माझी बहीण दिसत नाही, फक्त ‘एक दिवस उरला’ एवढं दिसतं.

यामागचं गणित जुनं आहे. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी एक नियम मांडला. सोप्या आकड्यांत सांगतो. समजा स्वस्त सीट ४० युरोची आहे आणि शेवटच्या दिवशी येणारा माणूस त्याच सीटचे २०० देईल. ४० भागिले २०० म्हणजे २० टक्के. मग तो उशिरा येणारा माणूस येण्याची शक्यता २० टक्क्यांहून जास्त असेल, तर सीट आज ४० ला विकू नका, राखून ठेवा. बस्स. पुढे कॉम्प्युटर आले, मॉडेलं मोठी झाली, पण गाभा हाच. यामुळेच महिनाभर आधी बुक करणाऱ्याला पंचवीस युरोत उडता येतं, हेही खरं. फक्त ती स्वस्ताई काही अंशी कोणाच्या तरी घाईतून येते. त्या गुरुवारी तो ‘कोणीतरी’ मी होतो.

तेव्हा मला सेलरेल आठवलं. आदल्या वर्षी एकदा हौस म्हणून लंडनला तसा गेलो होतो. साइट उघडली. डब्लिन बंदर ते बर्मिंगहॅम, दुसऱ्या दिवशी सकाळची बोट, पुढे रेल्वे. भाडं पन्नास-साठ युरोंच्या घरात. सुट्टीच्या आदल्या रात्री, निघायला नऊ-दहा तास उरलेले असताना, जे दोन महिन्यांपूर्वी होतं तेच. कारण हे भाडं अंतराच्या टप्प्यांवर ठरलेलं असतं, आपल्या एसटीसारखं. बोट भरत चालली म्हणून ते चढत नाही. जागा संपू शकते, भाव वाढत नाही. जाऊन-येऊन सव्वाशे युरोंच्या आत काम झालं.

घरी कळवलं. बाबा म्हणाले, “बोटीने? आज कोण बोटीने जातं?” आई लगेच म्हणाली, “बोट लागेल हं तुला. आल्याचा तुकडा ठेव तोंडात.” आमच्याकडे ही भीती वारशाने आलेली आहे. आजी लग्न होऊन मुंबईला गेली ती रत्नागिरीहून बोटीनेच, भाऊच्या धक्क्याला. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. त्यामुळे आमच्या घरात बोट म्हणजे पर्यटन नव्हे, जाण्यायेण्याचं साधन.

रात्री बॅग भरली. आणि इथे या प्रवासाचा दुसरा फायदा. विमानाच्या केबिन बॅगेत तेव्हा १०० मिलीची कटकट होती, किलोची कटकट होती. इथे मी छोटा कुकर, मूगडाळ, तांदूळ, मेतकूट आणि कोकम आगळाची अख्खी लिटरची बाटली घेतली. ऑपरेशननंतर तिला काय मानवेल ते मला माहीत होतं.

सकाळी सातला बंदरावर पोचलो. शहराच्या मध्यापासून हे काही फार लांब नाही, टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. काउंटरवर पासपोर्ट दाखवला, छापील तिकीट मिळालं, मोठी बॅग त्यांच्याकडे दिली आणि बसने थेट जहाजाच्या पोटात. जहाजाचं नाव ‘युलिसिस’, जेम्स जॉइसच्या कादंबरीवरून. २००१ पासून या मार्गावर आहे. बारा मजले आहेत, आणि खालच्या मजल्यांवर ट्रक आणि गाड्या. आत कॅन्टीन, सोफे, खिडक्या. सीट नंबर वगैरे काही नाही, जागा दिसेल तिथे बसा. मी खिडकीजवळचा सोफा पकडला, आल्याचा तुकडा चघळला आणि झोपलो. समुद्र शांत होता. बोट लागली नाही, आईला तसं कळवलं.

साडेनऊच्या सुमाराला मैत्रिणीचा मेसेज आला: ऑपरेशन नीट झालं, झोपली आहे. तो मेसेज वाचून मी डेकवर गेलो आणि जरा वेळ नुसता उभा राहिलो.

सव्वातीन तासांत होलीहेड. हे वेल्सच्या टोकाला, अँगलसी बेटाजवळचं बंदर. बोटीचं टर्मिनल आणि रेल्वे स्टेशन एकाच इमारतीत. बॅग घेतली आणि चालत प्लॅटफॉर्मवर. लंडनहून होलीहेडला आयर्लंडची टपाल नेणारी गाडी १८४८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून गाडी आणि बोट अशी जोडलेली आहेत. आयरिश मजूर, नर्सेस, बांधकामावरची मुलं पिढ्यानपिढ्या याच वाटेने इंग्लंडला पोटापाण्यासाठी गेली. कोकणातल्या चाकरमान्यांची गोष्ट माहीत असेल तर ही वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पुढची रेल्वे सुंदर आहे, खोटं कशाला बोला. मेनाई सामुद्रधुनीवरचा पूल ओलांडला की काही वेळाने कॉनवीचा किल्ला येतो. गाडी अक्षरशः तटबंदीला घासून जाते. मग बराच वेळ डाव्या हाताला समुद्र. चेस्टर, तिथे गाडी बदलली, मग आणखी एकदा बदलली, आणि पाचच्या आत बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट. साडेपाचला वॉर्डमध्ये.

चिमी बिछान्यावर, हाताला सुई, ओठ सुकलेले. मला बघून म्हणाली, “दादा, तू कशाला आलास? तिकीट केवढ्याला पडलं?” मध्यमवर्गीय मराठी घरातली मुलगी भूल उतरल्यावरही हाच प्रश्न विचारते. मी आकडा सांगितला. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “मग ठीक आहे.”

आता हिशेब प्रामाणिकपणे मांडू. घरातून निघून हॉस्पिटलला पोचेपर्यंत मला जवळजवळ अकरा तास लागले. विमानाने, विमानतळाचे सगळे सोपस्कार धरून, पाच-सहा लागले असते. तीच रात्र वेगळी असती, डॉक्टरांनी ‘लगेच या’ म्हटलं असतं, तर मी २८५ भरले असते आणि एक शब्द बोललो नसतो. आणि दोन महिने आधी तारीख ठरलेली असेल, बॅग छोटी असेल, तर विमानच स्वस्त पडू शकतं. त्यामुळे ‘बोट नेहमी स्वस्त’ असं मी म्हणणार नाही. ती स्वस्त असते ती आयत्या वेळी, सुट्टीच्या दिवसांत आणि सामान जास्त असताना. म्हणजे आपल्याकडे निवडायला कमीत कमी वाव असतो तेव्हा.

कार्बनचं म्हणाल, तर ब्रिटिश सरकार दरवर्षी याचे आकडे काढतं. बोटीवर पायी चढणाऱ्या प्रवाशाच्या नावावर किलोमीटरमागे साधारण २० ग्रॅम, रेल्वेत ३५ च्या आसपास, आणि देशांतर्गत विमानात अडीचशेच्या घरात. फक्त इंजिनिअर म्हणून एक खुलासा: बोटीचा आकडा इतका छोटा दिसतो, कारण वजनाच्या हिशेबाने बराचसा बोजा गाड्यांच्या नावावर टाकलेला असतो. तरीही, ट्रक घेऊन ती बोट तशीही जाणारच होती.

कोणाला हा प्रवास करायचा असेल तर पाच गोष्टी लक्षात ठेवा.

एक, व्हिसा. आयर्लंड आणि ब्रिटन हे दोन देश आहेत आणि भारतीय पासपोर्टवाल्याला दोन्हीकडची परवानगी लागते. माझ्याकडे आयर्लंडचं राहण्याचं कार्ड आहे आणि ब्रिटनचा दोन वर्षांचा व्हिजिट व्हिसा आदल्या सप्टेंबरमध्ये, चिमीला सोडायला गेलो तेव्हा काढलेला होता. होलीहेडला उतरताना माझा व्हिसा कोणी बघितलाही नाही. पण बघितला नाही म्हणजे लागत नाही, असं समजू नका. परत येताना डब्लिनला पासपोर्ट तपासतात. घरचं कोणी शेजारच्या देशात असेल तर व्हिसा आधीच काढून ठेवा. तो नसता, तर कुठलंच तिकीट कामाचं नव्हतं.

दोन, हवामान. डिसेंबर २०२४ मध्ये डाराह वादळानंतर होलीहेड बंदराचं नुकसान झालं आणि ते जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद राहिलं. ऐन नाताळात हजारो लोकांचे बेत कोसळले. हिवाळ्यात जाणार असाल तर हाताशी दुसरा मार्ग ठेवा.

तीन, बोट ठरलेली असते, पण पुढची गाडी अमुकच हवी असं नसतं. बोटीला उशीर झाला तर पुढच्या गाडीत बसा, जास्तीचे पैसे लागत नाहीत.

चार, गाडीत सीट राखीव नसेल तर सुट्टीच्या दिवशी उभं राहावं लागू शकतं. गाडी लागली की लगेच चढा.

पाच, खाणं घरून न्या. जहाजावरचं महाग आहे, आणि तिथे भाव सगळ्यांना सारखाच लागतो!

शनिवारी दुपारी चिमीला घरी सोडलं. संध्याकाळी मऊ खिचडी केली, वर मेतकूट, आणि आगळ पातळ करून त्याचं कोमट सार. तिने अर्धी वाटी खाल्ली. आईला व्हिडिओ कॉल लावला, तर आईने आधी चिमीला बघितलं, मग वाटीत डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाली, “सारात मीठ कमी वाटतंय.” म्हणजे सगळं ठीक झालं होतं.

मंगळवारी परत कामावर. समोर तीच स्क्रीन, तोच ‘किती दिवस उरले’चा कॉलम. मी नोकरी सोडली नाही, सोडणारही नाही, घरचे हप्ते आहेत. पण टीमच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न मांडला: हॉस्पिटलजवळच्या हॉटेलांना आदल्या रात्रीच्या बुकिंगवर भावाची एक कमाल मर्यादा घालता येईल का? उत्तर अजून ‘बघू’ असंच आहे. मी दर महिन्याला विचारतो.

तुमच्यापैकी कोणी असा प्रवास केला असेल, इथे किंवा कुठेही, तर मला जरूर सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि घरी एक फोन करा.