खो-खो खेळणाऱ्या मुलींची शारीरिक सिद्धता

दोन खुंट, फक्कीच्या रेषा आणि मोकळे पटांगण एवढ्यावर खो-खो उभा राहतो. म्हणूनच पांढुर्णा-सौंसर भागातील लहानशा शाळेलाही तो परवडतो. परंतु साधने थोडी लागतात म्हणून शरीराला श्रमही थोडेच पडतात, हा समज बरोबर नाही. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळचा ७८–४० असा पराभव करून पहिला विश्वचषक जिंकला. त्या सामन्यातील एकेक पाळी अवघ्या सात मिनिटांची होती. पण ती सात मिनिटे कशी असतात, हे पाहण्यासारखे आहे.

आठ गडी मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडवे बसतात आणि नववा पाठलाग करतो. ‘खो’ मिळताच बसलेल्या मुलीला क्षणार्धात उठून धाव घ्यावी लागते. एकदा घेतलेली दिशा खुंटापर्यंत बदलता येत नाही. पळणारीला मात्र हुलकावणी देण्यासाठी पूर्ण वेगात थांबावे आणि वळावे लागते. मांड्या, पोटऱ्या व घोटे यांची खरी कसोटी या थांबण्या-वळण्यात आहे. दिवसभर कापूस वेचणारी मुलगी काटक असतेच, असे पालक म्हणतात. ते खरे आहे. तथापि वेचणीची काटकता संथ आणि लांबवर पुरणारी, तर खो-खोला लागते ती स्फोटासारखी ताकद. तिचा सराव वेगळा करावा लागतो.

अशा अचानक वळण्याच्या खेळांत गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना अधिक असतो. म्हणून उडीनंतर गुडघा किंचित वाकवून, आत न झुकू देता पाय टेकणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि मांडीच्या मागील स्नायूंचे व्यायाम हे दहा-पंधरा मिनिटे आधी करवून घ्यावेत. केवळ मैदानाला फेऱ्या मारायला लावणे म्हणजे तयारी नव्हे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यात पाय मुरगळतो; मुरूम पसरून, पाणी मारून रूळ फिरविण्याचे काम ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास सहज होण्यासारखे आहे.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र रक्ताचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशी मुलगी पहिल्या पाळीत चपळ दिसते आणि दुसरीत धापा टाकते. मग शिक्षक तिला आळशी ठरवितात, आणि संघातून तिचे नाव जाते. नाव कमी करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ ग्रॅमच्या खाली असल्यास आरोग्य केंद्रात उपचार घ्यावेत. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या उस्मानाबादच्या सारिका काळे यांनी एकेकाळी दिवसातून एकच वेळ जेवण मिळत असे, हे स्वतः सांगितले आहे. त्यांची जिद्द थोरच. पण उपाशी पोटी खेळणे हा कोणासाठी कित्ता नव्हे.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी. भाकर, वरण, पालेभाजी आणि सोबत सौंसरच्याच बागेतील एखादे संत्रे असावे, कारण आंबट फळाने अन्नातील लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी टाळावा.